दोष जन्मतो एकीकडे, दिसतो दुसरीकडे

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कास्टिंग साच्यातून निघते तेव्हा बहुधा चांगलेच दिसते. फेटलिंग होते, शॉट ब्लास्टिंग होते, रंग लागतो आणि माल ट्रकने ग्राहकाच्या मशीन शॉपला जातो. तिथे पहिला कट बसतो आणि पृष्ठभागाखाली दोन-तीन मिलिमीटरवर लपलेला ब्लोहोल उघडा पडतो. फोन येतो, रिजेक्शनची नोट येते. तोवर ज्या पाळीत तो साचा भरला ती पाळी होऊन कित्येक दिवस उलटलेले असतात. ती वाळू मिक्सरमधून पुन्हा पुन्हा फिरून आलेली असते आणि त्या दिवशी पाणी जरा जास्त पडले होते का, हे कुणालाच आठवत नसते. कास्टिंगवर हीट नंबर असतो, त्यामुळे धातूची कुंडली काढता येते. वाळूची कुंडली मात्र बहुतेक ठिकाणी कुणी ठेवलेली नसते.

हे पुस्तक बॅटरीच्या कारखान्याबद्दल आहे, आणि तिथला दोष संगणकातल्या डिजिटल ट्विनच्या मदतीने जन्मापाशीच कसा पकडायचा याबद्दल आहे. तरी प्रस्तावनेची सुरुवात ओतकामापासून केली, कारण माझ्या मते बॅटरी बनवण्यातला सगळ्यात अवघड प्रश्न कोल्हापूरच्या ओतकऱ्याला आधीपासून ओळखीचा आहे. दोष जिथे दिसतो तिथे तो झालेला नसतो. मधल्या टप्प्यांत त्याचा माग पुसला जातो. हा माग पुसू न देण्याचे साधन म्हणजे डिजिटल ट्विन. त्याबद्दल जे काही मोठमोठे बोलले जाते, त्यातले बाकीचे बरेचसे सजावटीचे आहे.

कोल्हापूरने यंत्रविद्या पुस्तकातून शिकलेली नाही. उसाच्या मळ्यांना पाणी पाजायला ऑइल इंजिन हवे होते, तेव्हा ते इथल्या मेस्त्रींनी उघडून पाहिले, साचे पाडले आणि स्वतः ओतले. यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावे आजही उद्यमनगरात आदराने घेतली जातात. त्या इंजिनांनी फाउंड्री जगवली आणि फाउंड्रीने पुढे ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांचे भाग बनवायला घेतले. आज जिल्ह्यात सुमारे ३०० फाउंड्र्या आहेत. त्यांचे मोठे गिऱ्हाईक अजूनही इंजिनच आहे: सिलिंडर हेड, ब्लॉक, फ्लायव्हील, मॅनिफोल्ड. विजेवर चालणाऱ्या गाडीत यातले काहीच लागत नाही. विजेच्या मोटरचे आवरण, बॅटरीची पेटी, कंट्रोलरचे घर लागते, आणि तेही बहुतेक ॲल्युमिनियमचे. त्यामुळे इथल्या उद्योजकांच्या बैठकीत बॅटरीचा विषय निघाला की आवाज थोडा खाली येतो. ही काळजी खरी आहे, ती मी हलकी मानत नाही. पण बॅटरीकडे फक्त इंजिनाची वैरीण म्हणून पाहिले, तर आपल्याजवळच्या विद्येचा तिथे काय उपयोग आहे हे दिसायचेच राहते.

जुन्या लेड-ॲसिड बॅटरीचेच पाहा. चिंचवड, तळोजा, अहिल्यानगर इथे तिचे मोठे कारखाने आहेत. त्या बॅटरीच्या आत शिशाची जी जाळी असते, ती पारंपरिक पद्धतीत ओतलेलीच असते. साचा पुस्तकासारखा उघडतो, त्याच्या आतल्या बाजूवर बुचाच्या भुकटीचा पातळ थर फवारतात, म्हणजे शिसे बारीक काड्यांपर्यंत पोहोचण्याआधी गोठत नाही. तो थर एका जागी झिजला की तिथली काडी अर्धवट भरते किंवा तिला तडा जातो. जाळीवर मग पेस्ट चढते, ती ठरावीक दमट हवेत मुरते आणि ॲसिडात पहिल्यांदा चार्ज होते. काडीचा तडा कळतो तो बॅटरी ग्राहकाच्या गाडीत महिनोन्‌महिने बसल्यावर. फाउंड्रीत वाढलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही.

लिथियम-आयन सेलचा मामला याच जातीचा आहे, फक्त मापे मिलिमीटरवरून मायक्रॉनवर आलेली आहेत. सक्रिय पदार्थाची पूड, कार्बन आणि बाइंडर एकत्र घोटून धिरड्याच्या पिठासारखा लगदा करतात. तो धातूच्या पातळ फॉइलवर पसरतात. तांब्याची फॉइल सहा ते दहा मायक्रॉन जाडीची असते, ॲल्युमिनियमची थोडी जास्त. लगदा लांबच लांब ओव्हनमध्ये सुकतो, जड रोलरखाली दाबला जातो, पट्ट्या कापल्या जातात, मध्ये सेपरेटर घालून थर रचले किंवा गुंडाळले जातात, टॅब वेल्ड होतात, इलेक्ट्रोलाइट भरतात. मग फॉर्मेशन, म्हणजे अगदी सावकाश केलेले पहिले चार्जिंग. त्यानंतर सेल कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडे नुसता ठेवून देतात आणि त्याचा विद्युतदाब, म्हणजे व्होल्टेज, आपोआप किती उतरते ते पाहतात. जो जास्त उतरतो तो बाद.

इथे एकाच दोषाची गोष्ट जवळून पाहू. लगदा पसरताना पट्ट्याच्या कडेला तो जरासा चढतो. मधल्या भागापेक्षा कड पाच मायक्रॉन जाड राहिली असे धरू. दोन्ही बाजूंना लेप असतो, म्हणजे दहा मायक्रॉन. डोळ्याला हे दिसणे शक्य नाही, माणसाचा केस याच्या पाच-सात पट जाड असतो. पण हा पट्टा रोलवर गुंडाळला जातो. पाचशे फेरे पडले की दहा मायक्रॉनचे पाच मिलिमीटर होतात. रोलच्या कडा फुगतात, तिथली फॉइल ताणली जाते आणि पुढच्या टप्प्यात रोलरखाली तिला सुरकुती पडते. सुरकुती पडलेला भाग कॅमेऱ्याला दिसला तर बाद होतो, आणि तो बाद होणे परवडले. न दिसता पुढे गेलेली जाड कड जास्त घातक असते. धन बाजूच्या कडेत गरजेपेक्षा जास्त लिथियम असते आणि समोरच्या ऋण बाजूत ते सामावायला जागा पुरत नाही. उरलेले लिथियम धातू होऊन पृष्ठभागावर साचते. हळूहळू त्याला काटे फुटतात, ते सेपरेटर भेदतात आणि सेल आतल्या आत शॉर्ट होतो. ही कड चढली कशामुळे? त्या दिवशी मिक्सरमधला लगदा दोन-तीन अंशांनी गरम होता, म्हणून थोडा पातळ झाला होता. मिक्सरमधले तापमान आणि दोन वर्षांनी पेटलेली गाडी यांच्यामध्ये इतके टप्पे आहेत की एका माणसाच्या डोक्यात ते सगळे मावत नाहीत.

हवेचेही तसेच. जुलैत कोल्हापूरच्या एका घनमीटर हवेत साधारण १८ ग्रॅम पाणी असते. सेल बंद करण्याच्या खोलीत दवबिंदू उणे ४० अंश किंवा त्याहूनही खाली ठेवतात. म्हणजे घनमीटरमागे साधारण एक दशांश ग्रॅम पाणी, एवढेच चालते. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराला पाणी मिळाले की हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तयार होते आणि ते सेलला आतून खाते. त्या खोलीत एका वेळी किती माणसे असावीत यालाही मर्यादा असते, कारण श्वासातून आणि घामातून पाणी येते. पावसाळ्यात ग्रीन सँडचा ओलावा सांभाळताना आपल्या मोल्डरची होणारी तारांबळ आठवा, आणि तीच तारांबळ शंभर पटींनी कडक झालेली कल्पा.

आता थोडे गणित. प्रत्येक टप्प्यावर शंभरात नव्याण्णव नग चांगले निघतात असे धरले, तरी वीस टप्प्यांनंतर शंभरातले जेमतेम ८२ उरतात. नव्या बॅटरी कारखान्यांत सुरुवातीची रिजेक्शन दोन आकडी टक्क्यांत असते, त्यात नवल नाही. त्याहून कठीण गणित सुरक्षिततेचे आहे. काही मोटारींच्या पॅकमध्ये चार हजारांहून जास्त लहान सेल असतात. दहा लाख सेलमध्ये एकच धोक्याचा निघाला, तरी अडीचशे मोटारींमागे एका मोटारीत तो बसलेला असणार. फाउंड्रीत हजारात एक रिजेक्शन आली तर पेढे वाटतील. इथे ती पुरत नाही.

याचे पुरावे जगाने किंमत मोजून दिलेले आहेत. सॅमसंगने २०१६ मध्ये गॅलक्सी नोट ७ हा फोन बाजारातून परत बोलावला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारणे जाहीर केली. एका पुरवठादाराच्या सेलमध्ये वरच्या कोपऱ्यात इलेक्ट्रोड वाकलेला होता, दुसऱ्याच्या सेलमध्ये वेल्डिंगची बर होती आणि काही सेलमध्ये इन्सुलेशनची टेपच नव्हती. जनरल मोटर्सने २०२१ मध्ये आपल्या विजेवरच्या सगळ्या बोल्ट मोटारी, सुमारे १ लाख ४० हजार, परत बोलावल्या. फाटलेला टॅब आणि दुमडलेला सेपरेटर हे दोन विरळ दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की आग लागते, असे निघाले. एकेकटा दोष तपासणीत निभावून जात होता. आपल्याकडे मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली, एप्रिलमध्ये नाशिकला स्कूटर भरलेला कंटेनर पेटला. त्यानंतर केंद्राने एआयएस-१५६ या मानकात कडक दुरुस्त्या केल्या आणि त्या डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केल्या. बॅटरीचा माग ठेवणे हा त्यांतला एक भाग आहे. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून मोटारीच्या प्रत्येक बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे. म्हणजे कुंडली ठेवणे आता कायद्यानेच सक्तीचे होत चालले आहे.

डिजिटल ट्विन म्हणजे काय, हे पुस्तकात सविस्तर येईलच. इथे गाभा सांगतो. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ मधली प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा ह्यूस्टनच्या इंजिनिअरांनी जमिनीवरचे सिम्युलेटर त्या जायबंदी यानाच्या स्थितीला आणून ठेवले आणि परतीच्या महत्त्वाच्या कृती आधी त्यावर करून पाहिल्या. खरी वस्तू दूर आणि हात न पोहोचणारी, तिची बदलत जाणारी प्रत जवळ. पुढे २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी ही कल्पना उत्पादनासाठी मांडली आणि २०१० च्या सुमारास नासाच्या लिखाणातून आजचे नाव रूढ झाले. सेल एकदा बंद झाला की तोही दूर गेलेल्या यानासारखाच असतो. आत काय चालले आहे ते उघडून पाहता येत नाही, उघडला तर तो संपला.

आपल्या फाउंड्र्यांना यातला अर्धा भाग माहीत आहे. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांनी विकसित केलेले ऑटोकास्ट किंवा जर्मनीचे मॅग्मासॉफ्ट वापरून धातू कुठे आधी गोठेल, कुठे आकसून पोकळी पडेल, रायझर किती मोठा हवा, हे साचा पाडण्याआधी पडद्यावर दिसते. हे सिम्युलेशन. ते एकदा केले, पॅटर्न बनला, की बाजूला ठेवले जाते. त्यात लॅडलचे तापमान कागदावर ठरवलेले असते. प्रत्यक्षात पहिला साचा भरताना ते वेगळे असते आणि विसावा साचा भरताना आणखी उतरलेले असते. इनॉक्युलंट टाकून जितकी मिनिटे गेली तितका त्याचा गुण कमी झालेला असतो आणि शेवटच्या साच्यांतली पातळ भिंत कडक, चिल्ड होऊन निघते. हेच तापमान आणि हीच मिनिटे दर साच्यागणिक त्या सिम्युलेशनला मिळू लागली आणि त्याने ‘सतरानंतरचे साचे या लॅडलने भरू नका’ असे पाळी चालू असतानाच सांगितले, की ते ट्विन झाले. माहिती आतून बाहेर आणि सल्ला बाहेरून आत, दोन्ही वाहिले पाहिजे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कारखान्याचे रंगीत चित्र फिरते आणि त्यात दिवे लागतात, एवढ्यालाच ट्विन म्हणून विकणारे बरेच भेटतील. उद्योजकांनी त्यांना एकच प्रश्न विचारावा: याने काल कोणता निर्णय बदलला?

बॅटरीत या दिशेने गंभीर काम झालेले आहे. फ्रान्समध्ये आमियाँ इथे आलेहान्द्रो फ्रांको यांच्या गटाने आर्टिस्टिक या प्रकल्पात लगदा घोटण्यापासून सुकवणे, दाबणे, इलेक्ट्रोलाइट मुरणे असे टप्पे एकामागोमाग जोडून संगणकात उभे केले. एका टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्याचा प्रश्न बनते, ही त्यातली मोलाची गोष्ट आहे. दुसरी वाट आकडेवारीची. स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटाच्या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये १२४ सेलचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या १०० चक्रांत सेलची क्षमता जवळपास उतरलेलीही नव्हती, तेव्हाच्या व्होल्टेजच्या वळणावरून सेल एकूण किती चक्रे टिकेल हे सुमारे ९ टक्के चुकीच्या आत सांगता आले. ते सेल कुणी १५० चक्रांत संपले तर कुणी २,३०० पर्यंत चालले. सुरुवातीच्या वळणात एवढी बातमी लपलेली असेल, तर आठवडे-आठवडे रॅकवर पडून राहणारा माल आणि त्यात अडकलेला पैसा कमी करता येईल, ही आशा रास्त आहे. आपल्याकडे पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि आयसर ही संशोधन संस्था यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सोडियम-आयन तंत्र पुढे आणले. शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवर आणि सुपरकपॅसिटरच्या इलेक्ट्रोडवर प्रा. सी. डी. लोखंडे यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे काम केले. प्रयोगशाळेतला नाण्याएवढा सेल आणि कारखान्यातला किलोमीटरभर लेपाचा पट्टा यांच्यातली दरी ओलांडायला पुन्हा हीच विद्या लागणार आहे.

तरीही एका गोष्टीबद्दल मला मनापासून सावध करावेसे वाटते. ट्विन खोटे बोलत नाही, पण त्याला खोटे सांगितले तर तेच खरे मानून चालते. अनेक फाउंड्र्यांत वाळूच्या ओलाव्याचे रजिस्टर असते. दर तासाला नोंद करायची असते. काही ठिकाणी ती पाळी संपताना एकदम भरली जाते: ३.४, ३.५, ३.५, ३.४. पावसाळ्यातही तेच, एप्रिलमध्येही तेच. हे लिहिणारा माणूस आळशी असतोच असे नाही. आकडा मर्यादेबाहेर लिहिला तर आधी त्यालाच बोलणी बसतात, हे तो शिकलेला असतो. मूठभर वाळू दाबून, मोडून पाहिली की तिचा ओलावा त्याला नेमका कळतो, आणि तरी रजिस्टरात तो ३.५ लिहितो. अशा कारखान्यात सेन्सर लावले तरी फार काही होत नाही. सेन्सरला चिकटलेले बेंटोनाइटचे पूट कुणी पुसत नाही, आणि अलार्म वाजला की त्याची वायर काढली जाते. जिथे खरा आकडा लिहिणाऱ्याला शिक्षा होते, तिथे ट्विनवर पैसे घालू नयेत, असे मी स्पष्टच म्हणेन. आधी ती शिक्षा बंद करावी.

पैसा आणि सॉफ्टवेअर पुरेसे नसते याचे मोठे उदाहरण स्वीडनमध्ये घडले. नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीकडे भांडवल होते, युरोपचा पाठिंबा होता आणि कारखान्याच्या डिजिटल बाजूसाठी २०१८ मध्ये सीमेन्सशी भागीदारीही झालेली होती. उत्पादन ठरल्या गतीने वाढेना. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने दोन अब्ज युरोंची ऑर्डर काढून घेतली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याची कारणे अनेक आहेत, आणि ट्विन असते तर कंपनी वाचली असती किंवा ट्विनमुळे बुडाली, असे दोन्ही म्हणता येणार नाही. पण लेपाच्या मशीनपाशी वर्षानुवर्षे उभा राहिलेला माणूस विकत घेता येत नाही, एवढे त्यातून दिसते. भारत सरकारने २०२१ मध्ये प्रगत सेलसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना ५० गिगावॅट-तासांचे लक्ष्य ठेवून आणली. कारखान्यांच्या इमारती उभ्या राहतील, मशीन बाहेरून येतील. ती मशीन चालवणारे, आणि त्यांचा आवाज बदलला की मान वर करणारे लोक इथेच घडवावे लागतील.

म्हणून या पुस्तकाचा वाचक म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आयटीआयचा फिटर आहे, पॉलिटेक्निकची मुलगी आहे, फाउंड्रीत क्वालिटी पाहणारा इंजिनिअर आहे आणि बापाची फाउंड्री हातात घेऊन पुढे काय करायचे या विचारात पडलेला तरुण मालकही आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेनच्या कोल्हापूर चॅप्टरमध्ये दोषांवर जशी तासन्‌तास चर्चा होते, तशी ती लेपाच्या कडेवर आणि टॅबच्या वेल्डवर व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठीत हा विषय आणण्याचे प्रयोजन तेच. पाळीवर जी भाषा बोलली जाते, त्या भाषेत दोषाचे कारण मांडता आले तर ते लवकर सापडते.

गणिताची प्रकरणे ज्यांना जड वाटतील त्यांनी ती पहिल्या वाचनात खुशाल सोडावीत. मिक्सिंग आणि लेपाची प्रकरणे मात्र कुणीही सोडू नयेत, कारण बॅटरीतले बहुतेक हट्टी दोष तिथूनच निघतात. फाउंड्रीतल्या वाचकाने पुस्तक वाचता-वाचताच एक काम सुरू करावे. गेल्या तीन महिन्यांत ग्राहकाकडून परत आलेली एकाच भागाची कास्टिंग घ्यावीत, आणि प्रत्येकासमोर हीट नंबर, लॅडलमधला कितवा साचा, त्या तासाची वाळूची खरी नोंद आणि बाहेरच्या हवेतली आर्द्रता लिहून पाहावी. बहुतेक रकाने रिकामे राहतील. कोणते रकाने रिकामे राहिले त्याची यादी करावी, आणि पहिला सेन्सर कुठे बसवायचा ते तिच्यावरून ठरवावे.